मेणाच्या दातांची डॉक्टर

नितीनदादाचा मेसेज आला तेव्हा मी नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या स्टेशनबाहेर सायकलला कुलूप लावत होते. ‘अनघा सकाळी गेली. शांतपणे गेली.’ दोनच वाक्यं. किल्ली कुलपात तशीच राहिली आणि मी त्या दुसऱ्या वाक्याकडे बघत राहिले. शांतपणे... नितीनदादा तिचा नवरा, तो तिच्या उशाशी होता, त्यानं पाहिलं तेच लिहिलं असणार. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण दुपारपर्यंत नायमेखनच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तोच शब्द फिरायला लागला. जोडलेले हात, पणत्या, फुलं आणि मधूनमधून, किती शांत होती, किती सोशिक, कधी कुरकूर म्हणून नाही. पुढच्या आठवड्यात ऑनलाइन शोकसभा झाली, तिथंही हेच. एक काका गहिवरून म्हणाले, ‘सहन कसं करावं हे अनघाकडून शिकावं.’ मी माझा माइक बंद ठेवला होता. चालू असता तर शोकसभेत शोभणार नाही असं काहीतरी बोलून बसले असते. ते आज इथं लिहिते आहे.

माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. इचलकरंजीत आमच्या दोन खोल्यांच्या घरात युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, वडील मजकूर लिहायचे आणि आई नि मी घड्या घालायचो. त्या पत्रकांत प्रत्येक दुःखाला एक जबाबदार माणूस असे आणि त्याचं नाव दुसऱ्याच ओळीत ठळक अक्षरांत असे. जगातल्या सगळ्या दुःखांचं असंच असतं, ही माझी समजूत घेऊनच मी नायमेखनला शिकायला आले आणि अनघाताईच्या घराच्या माळ्यावरच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहू लागले. पहिल्याच दिवशी तिनं मला जेवायला खाली बोलावलं. मी बोलतेय आणि ही माझ्या डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघतेय. ‘खालची अक्कलदाढ आडवी येतेय तुझी. सांभाळ,’ ती म्हणाली आणि वर भाकरी वाढली. माझ्याशी वैचारिक वाद इतर टाळत, ती टाळत नसे. फक्त मला ‘कॉम्रेड’ म्हणायची. मी जिना उतरताना दिसले की विचारायची, ‘काय कॉम्रेड, आज कोणाचा निषेध?’

ती दातांची डॉक्टर होती. पुण्यात कर्वेनगरला तिचा स्वतःचा दवाखाना होता, चांगला चाललेला. नितीनदादाला इथं चिप बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं, तेव्हा दवाखाना मैत्रिणीकडे सोपवून, लहानग्या ईराला घेऊन ती आली. तिच्या इथं राहण्याच्या परवान्यावर लिहिलेलं होतं की ही अमुक अमुक यांची पत्नी, म्हणजे डिपेंडंट. इथं दातांना हात लावायचा, तर आधी डच भाषेची परीक्षा, मग लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक. नियम वाईट होता असं ती कधी म्हणाली नाही. ‘माझ्या तोंडात कोणी हात घालणार असेल, तर त्याला येतंय की नाही हे मीही तपासून घेईन,’ म्हणायची. तिनं घर सांभाळत, ईराला शाळेत सोडत, सुपरमार्केटच्या रांगेत पुटपुटत डच पाठ केलं. ती परीक्षा झाली. लेखी झाली. मी राहायला आले तेव्हा फक्त प्रात्यक्षिक उरलं होतं. नंतर इथल्या एका दवाखान्यात जागा शोधायची, पांढरा कोट घालायचा आणि ‘आ करा’ म्हणायचं, एवढंच तिला हवं होतं. त्याच्या पलीकडे तिनं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि मग लॉकडाउनमध्ये सगळं बंद झालं. प्रात्यक्षिक पुढे ढकललं गेलं. साहजिकच होतं, दातांचे दवाखानेच बंद होते. ईरा एका खोलीत, नितीनदादा दुसऱ्या खोलीत, मी माळ्यावर, सगळे आपापल्या पडद्यासमोर. अनघाताईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. हात विसरतात, ती म्हणायची, दोन महिने सुरी धरली नाही तर बोटं परकी होतात. दातांच्या डॉक्टरांना पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकवतात, तसे ती पुन्हा कोरायला बसली. मेण कुठून आणणार? या देशात मेणबत्त्यांना तोटा नाही, पण सुपरमार्केटच्या मेणबत्त्या ठिसूळ, कोरायला गेलं की ढलपे उडायचे. मग बाजारातल्या मधवाल्याकडून खरं मेण आणून ती दोन्ही एकत्र वितळवायची, दुधाच्या रिकाम्या खोक्यात ओतायची आणि गार झालं की पुठ्ठा सोलून ठोकळा काढायची. सगळ्या घराला मधाचा वास. सुळे, पटाशीचे दात, दाढा, मुळांसकट. मोठे, मुठीएवढे, मग हळूहळू लहान होत खऱ्या दाताच्या मापाचे. तेही सरळ बघून नाही. छोटा आरसा डाव्या हातात धरून, आरशात बघत उजव्या हातानं. दातांचे डॉक्टर अर्धं काम उलट्या प्रतिमेत बघून करतात, हे मला तेव्हा कळलं.

त्या वसंतात आमच्या गल्लीत सगळ्यांनी खिडक्यांत टेडी बेअर मांडले होते. बाहेर पडता न येणारी मुलं आईबापांचा हात धरून फिरायची आणि अस्वलं मोजायची. अनघाताईकडे अस्वल नव्हतं, म्हणून तिनं मुठीएवढी वरची दाढ खिडकीत ठेवली, तिन्ही मुळं वर करून. समोरून जाणारी एक चिमुरडी थांबली, बोट दाखवून आनंदानं ओरडली, ‘गाय! गाय!’ तिला ती गाईची कास वाटली होती. ईरा लाजेनं लालबुंद, ‘आई, प्लीज, ते काढ तिथून.’ अनघाताई मात्र ओट्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ‘बारा वर्षांची प्रॅक्टिस आणि शेवटी कास!’ तिला तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. म्हणून सांगते, सोशिक बायका अशा हसत नाहीत.

त्याच दिवसांत संध्याकाळी सगळा देश दारात उभा राहून दवाखान्यांतल्या लोकांसाठी टाळ्या वाजवायचा. टीव्हीवर सांगत होते की हात कमी पडतायत, ज्यांनी कधीकाळी नर्सिंग केलंय त्यांनी परत या. अनघाताई दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती, शेजाऱ्यांकडे बघून मान हलवत. मी तिच्या बाजूला उभी होते. इतके शिकलेले, इतके तयार हात, आणि या देशानं त्यांना काम काय दिलं होतं, तर टाळ्या वाजवायचं. मी हे बोलून दाखवलं. ती टाळ्या न थांबवता म्हणाली, ‘दाढ काढणारीला व्हेंटिलेटरपाशी उभी करून काय करणार आहेस तू? गप वाजव.’ पण आत आल्यावर तिनं भांडी जरा जोरातच घासली.

ग्रुपमधल्या लोकांचे फोन यायचे. दवाखाने बंद, दात ठणकतायत, ताई जरा बघ ना. ती फोनवर सगळं ऐकून घ्यायची, काय खायचं, काय टाळायचं, तातडीच्या डॉक्टरला नेमकं काय सांगायचं ते डचमध्ये पाठ करून घ्यायची. पण कुणी दारात येऊन तोंड उघडलं की हात पाठीमागे. माझी ती आडवी अक्कलदाढ सुजली तेव्हाही तिनं मोबाइलचा उजेड पाडून बघितलं, बोट लावलं नाही. ‘अगं, घरातलीच आहे मी,’ मी कळवळून म्हटलं. ‘घरात मी अनघा आहे,’ ती म्हणाली, ‘डॉक्टर अजून व्हायचीय.’ मला तेव्हा तो नियमांपुढचा वाकलेपणा वाटला होता. तो काय होता ते मला दीड वर्षानं एका परीक्षेहून परतताना रेल्वेत कळलं.

प्रात्यक्षिकाची नवी तारीख आली, आणि तीही रद्द झाली. दुसरी लाट. पुढची आली, तीही गेली. प्रत्येक वेळी तेच सौजन्यपूर्ण पत्र, आपल्या समंजसपणाबद्दल आभारी आहोत. तिसऱ्या वेळी तिनं सरळ फोन लावला आणि स्वयंपाकघरात उभं राहून, मुद्दाम पाठ केलेल्या त्या भाषेत, आवाज चढवून भांडली. दुकानं उघडी राहतात, फुटबॉल चालतो, आणि एका खोलीत एक माणूस आणि एक प्लॅस्टिकचं डोकं बसवता येत नाही? प्रात्यक्षिक प्लॅस्टिकच्या डोक्यावरच असतं, त्याला कसला संसर्ग व्हायचाय? पलीकडची बाई शांतपणे म्हणत राहिली, आम्हाला समजतंय, पण आमच्या हातात नाही. फोन ठेवल्यावर अनघाताईचे कान लाल झाले होते. ‘कधी कुरकूर केली नाही’ असं लिहिणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं. मी तर पेटूनच उठले. म्हटलं, आपण पत्रक काढू, तुझ्यासारख्या किती डॉक्टर घरी बसल्यात, सगळ्यांच्या सह्या घेऊ. ती खुर्चीत बसली आणि थकलेल्या आवाजात म्हणाली, ‘काढ की. कोणाविरुद्ध काढणारेस, कॉम्रेड? विषाणूविरुद्ध?’ मी मजकूर लिहायला घेतला होता. दुसऱ्या ओळीत कोणाचं नाव टाकायचं ते सुचेना... ते पत्रक कधी निघालं नाही.

त्या हिवाळ्यात तिला पोटात दुखायला लागलं. ती सांगायची नाही, पण ओट्याशी उभी असताना एक हात कमरेवर दाबलेला असायचा. इथं आधी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या नेमलेल्या डॉक्टरकडे जावं लागतं, आणि तेव्हा तेही फोनवरच. मी शेजारीच मटार सोलत बसले होते. डॉक्टरनं विचारलं, दहापैकी किती दुखतं? ती म्हणाली, तीन, कधीकधी चार. रोजची कामं होतात का? होतात. झोप लागते का? हो, तशी लागते. डॉक्टरनं गोळ्या सांगितल्या, वाढलं तर पुन्हा फोन करा म्हणाला. फोन ठेवून ती वाकून उभी राहिली, दोन्ही कोपरं ओट्यावर टेकून. ‘तीन?’ मी विचारलं. ‘अगं, तिकडे लोक मरतायत दवाखान्यात जागा नाही म्हणून. मी पोट धरून कुठं जाऊ?’

त्यानंतर तिनं मला सांगितलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. पुण्याच्या दवाखान्यात ती प्रत्येक पेशंटला सांगायची, कळ आली की हात वर करा, मी लगेच थांबेन. एकही जण हात वर करायचा नाही. खुर्चीचे दांडे घट्ट धरतील, घाम फुटेल, पण हात वर नाही. डॉक्टरबाई काम करतायत, मध्ये कशाला त्रास द्या. शेवटी ती पेशंटच्या पायांकडे बघायला शिकली. तोंड उघडं असतं, चेहरा गप्प असतो, पण दुखलं की पायाचे अंगठे वळतात. ‘आपली माणसं अंगठ्यांनी ओरडतात,’ असं ती हसत म्हणाली होती. फोनवर पाय दिसत नाहीत. आणि समोरच्या भल्या डॉक्टरच्या देशात लोक चार दुखलं तर चार सांगतात आणि आठ दुखलं तर आठ. त्यानं तिच्या तीनचे तीनच धरले, त्याची यात काय चूक? बारा वर्षं लोकांना ‘दुखलं तर सांगा’ म्हणणाऱ्या बाईनं स्वतःचं दुखणं निम्म्यानं सांगितलं. ते आठवड्यांमागून आठवडे निम्म्यानंच सांगितलं, आणि जेव्हा तपासणी झाली तेव्हा अंडाशयातला कर्करोग पोटभर पसरला होता.

म्हणून मला त्या शोकसभेचा राग आहे. ज्या गुणाचं तुम्ही कौतुक करताय, त्यानंच तिला मारलं. सहनशीलता, सोशिकपणा... दार बंद करणाऱ्यांना बाहेर उभ्या असलेल्यांचा हाच गुण आवडतो, कारण त्यानं दारावर थाप पडत नाही. आणि बायकांना तो इतक्या लहानपणापासून पाजलेला असतो की परीक्षेसाठी भांडणारी बाई पोटासाठी भांडत नाही. तिच्यात चिकाटी होती, मी ती रोज पाहिली. पण चिकाटी वेगळी आणि सोसणं वेगळं. कोरून कोरून दात खऱ्या मापाचा होईपर्यंत न उठणं ही चिकाटी. आठला तीन म्हणणं हे सोसणं. चिकाटीचा हार सोसण्याच्या गळ्यात घालू नका.

उपचार सुरू झाले. केस गेले, त्याचं तिला काही वाटलं नाही, ‘पीपीई किट घालायला सोपं,’ म्हणाली. आणि मग, जणू कोणी थट्टा करावी तशी, प्रात्यक्षिकाची तारीख आली. यावेळी रद्द न होणारी. आजाराचं कळवल्यावर कार्यालयानं फार प्रेमानं उत्तर दिलं, आपण हवं तर तारीख पुढे ढकलू. ‘आता यांना माझी सोय बघायचीय!’ अनघाताई म्हणाली. नितीनदादानं खूप समजावलं. तो आवाज न चढवणारा माणूस, त्या दिवशी म्हणाला, ‘अनू, अगं पास झालीस तरी काय करणार आहेस?’ आणि स्वतःच्याच शब्दांना घाबरला. ती म्हणाली, ‘डॉक्टर म्हणून मरेन ना, नितीन. डिपेंडंट म्हणून नाही.’

एक गोष्ट तिनं आम्हाला सांगितली नव्हती. केमोनं तिच्या बोटांच्या टोकांची जाणीव जायला लागली होती. सदऱ्याचं बटण लागायचं नाही. मेण कोरताना सुरी बोटात शिरायची आणि तिला ते रक्त दिसल्यावर कळायचं. मी एकदा मेणाच्या ढलप्यांत लाल डाग पाहिले, तर म्हणाली, बीट चिरत होते.

परीक्षेला तिच्याबरोबर मी गेले, कारण नितीनदादाला ती नको म्हणाली. रेल्वेत तिनं सबंध वेळ हातमोजे घातले होते आणि बोटं एकमेकांवर घासत होती. मी दालनाबाहेर बसले. सगळ्या उमेदवारांच्या आधी ती बाहेर आली. मला वाटलं चक्कर आली. तिनं शांतपणे कोट चढवला, आणि आम्ही परतीची गाडी पकडली. गाडीत तिनं सांगितलं. पहिली दाढ झाली होती, चांगली झाली होती. परीक्षक मागून बघून गेला, मान हलवून गेला. आरशात सगळं नीट दिसत होतं, इतक्या वर्षांच्या सवयीनं हात बरोबर चालत होता. ‘पण दाताला टोक लागतंय की हिरडीला, ते मला कळत नव्हतं गं. फक्त दिसत होतं. कळत नव्हतं.’ प्लॅस्टिकच्या डोक्याला ते कळणार नव्हतं, परीक्षकालाही नाही. ती पास झाली असती. तिनं दात कोरायचं यंत्र स्टँडला लावलं आणि परीक्षकाला बोलावून सांगितलं की माझ्या बोटांना जाणीव नाही, मी थांबते. तो बिचारा म्हणाला, तुमच्याकडे अजून वेळ आहे. ‘त्याला म्हटलं, वेळेचा प्रश्न नाही. उद्या या हाताखाली माणूस असेल.’

मी रडायला लागले. ती नाही. खिडकीबाहेर सपाट हिरवी कुरणं पळत होती, आणि ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, ‘इतकी वर्षं दुसरे मला थांब म्हणत होते. आज मी म्हटलं.’ पुढे बरंच अंतर गेल्यावर, अगदी हळू, ‘पण हवं होतं गं मला ते... फार हवं होतं.’

मी त्या वाक्याशी प्रामाणिक राहू इच्छिते. ती हरली नाही वगैरे मला लिहायचं नाही. जे तिला हवं होतं ते मिळालं नाही आणि ते न मिळण्यातला बराचसा भाग कोणाच्याच हातात नव्हता. पत्रकात घालायला नाव नसलेलं दुःख असतं, हे मी तिच्या घरात शिकले, आणि मला ते शिकायचं नव्हतं. एवढं मात्र खरं की जो शेवटचा निर्णय तिच्या हातात आला, तो तिनं डॉक्टरसारखा घेतला. परवाना नसलेल्या डॉक्टरसारखा नव्हे. डॉक्टरसारखा. मग थंडी आली, पुन्हा दुकानं बंद झाली, मी नोकरीसाठी एनस्खेडेला गेले. तिचे आईवडील तिचा अंत्यविधी पुण्यातून पडद्यावर बघत होते. आवाज मध्येच जात होता, आणि तिची आई सारखी विचारत होती, ‘ऐकू येतंय का? आम्ही ऐकू येतोय का?’

गेल्या रविवारी मी नायमेखनला गेले. नितीनदादानं दार उघडलं, चहा टाकला. ईरा आता पंधरा वर्षांची, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गृहपाठ करत होती. मी तिच्या समोर बसायला गेले आणि डोकं दिव्यावर आपटलं. त्या टेबलावर छतातून खाली-वर करता येणारा एक दिवा आहे. हातावर नीट उजेड पडावा म्हणून अनघाताईनं तो अगदी खाली ओढून घेतलेला, टेबलापासून जेमतेम हातभर. तिथं बसून ती कोरायची. मला ती नेहमी खिडकीशी बसवायची, म्हणून माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. नितीनदादाच्या कपाळावरही एक जुनी खूण दिसली. ‘वर का करत नाहीस?’ मी विचारलं. ‘केला होता,’ तो ईराकडे बघत म्हणाला, ‘हिनं परत ओढला.’ ईरानं वहीतून मान वर न करता डचमध्ये काहीतरी म्हटलं, राहू दे, असं काहीसं. बाहेर पाच वाजायच्या आतच अंधारून आलं होतं. दुसरा दिवा कोणी लावला नाही. त्या दिव्याचा उजेड कोणाच्याच चेहऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता. तो फक्त टेबलावर पडत होता, आणि आम्ही तिघं आपापले हात त्या उजेडात ठेवून बसून राहिलो.